किंडल घेण्याआधी लायब्ररीचं कार्ड काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे: आई-बाबा मे महिन्यात पुण्याहून सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला येतायत, दोघांनाही वाचायचं वेड आहे, बहीण टोरांटोला असते, आत्ता सेल लागलाय तर तिघांसाठी तीन किंडल (अमेझॉनचं ई-बुकं वाचायचं यंत्र) घेऊन टाकू का, आणि लायब्ररीची पुस्तकं त्यावर फुकट येतात हे खरं ना?

खरं आहे, पण तुम्हा चौघांपैकी फक्त तुमच्यासाठी. म्हणून आधी थांबा, ऑर्डर टाकू नका. मी इथल्याच एका पब्लिक लायब्ररीत बारा वर्षं काम करते, आठवड्यातले दोन दिवस माझ्या टेबलाशी लोक आपापलं किंडल, कोबो (किंडलसारखंच दुसऱ्या कंपनीचं यंत्र), टॅब्लेट घेऊन बसलेले असतात, आणि त्यातल्या निम्म्या लोकांची अडचण यंत्रात नसतेच, त्यांनी यंत्र आधी घेतलेलं असतं आणि कार्डाचा विचार नंतर केलेला असतो. आपण स्क्रीन किती इंचाचा, पाण्यात चालतो का, बॅटरी किती, हे सगळं बघतो, पण लायब्ररीची पुस्तकं वाचायची असतील तर पहिला प्रश्न एकच, की कुठल्या देशातल्या लायब्ररीचं कार्ड तुमच्या हातात आहे. त्याच्यावर यंत्र ठरतं.

लायब्ररी ई-बुकं स्वतःच्या कपाटातून देत नाही. मध्ये एक कंपनी असते, बहुतेक ठिकाणी ओव्हरड्राइव्ह, क्लीव्हलंडची, आणि आपण फोनवर जे लिबी ॲप वापरतो ते त्यांचंच, २०१७ मध्ये आलेलं. ही पुस्तकं मुळात ईपब फाइलमध्ये असतात आणि त्याला अडोबी कंपनीचं कुलूप असतं, म्हणजे नक्कल होऊ नये म्हणून बसवलेलं संरक्षण. किंडलला हे कुलूप उघडता येत नाही, कधीच येत नव्हतं. मग २०११ च्या सप्टेंबरमध्ये अमेझॉन आणि ओव्हरड्राइव्ह यांच्यात ठरलं की लायब्ररीतून पुस्तक घेतलं की त्याची किंडलवाली प्रत अमेझॉन स्वतःच्या खात्यातून पाठवेल. ही सोय अमेरिकेतल्या लायब्ररींपुरती सुरू झाली आणि आजही तेवढीच आहे. टोरांटो नाही, लंडन नाही, सिडनी नाही, पुणे तर नाहीच.

आता तुमच्याकडे कसं चालतं ते सांगते. तुमच्या गावच्या लायब्ररीत जा, पत्त्याचा पुरावा न्या, कार्ड घ्या. लिबीमध्ये कार्डाचा नंबर आणि पिन टाका. पुस्तक शोधा, 'बॉरो' करा, मग तुमच्या शेल्फवर त्या पुस्तकाखाली 'रीड विथ' येतं, तिथे किंडल निवडा, की अमेझॉनचं पान उघडतं आणि पिवळं 'गेट लायब्ररी बुक' बटण दिसतं, त्याच्याखाली कुठल्या यंत्रावर पाठवायचं त्याची यादी. बटण दाबा, किंडल वायफायवर असेल तर मिनिटा-दोन मिनिटांत पुस्तक येतं. वायफाय मात्र हवंच, जुन्या सिमवाल्या किंडलवर मोबाइल नेटवर्कने लायब्ररीचं पुस्तक उतरत नाही. आणि पूर्वी वायफाय नसेल तर कॉम्प्युटरवर फाइल उतरवून केबलने टाकता यायची, तो रस्ता २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाला, त्यामुळे जुन्या लेखात तसं लिहिलेलं दिसलं तर त्याच्या मागे लागू नका.

आई-बाबांचं काय, तर तुम्ही लिहिलंयत की बाबांकडे पुण्यात घेतलेलं एक किंडल आधीच आहे आणि ते घेऊन येणार आहेत. इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात, म्हणून एक प्रसंग सांगते. गेल्या उन्हाळ्यात एक काका मुलीबरोबर आले होते, किंडलला निळं कापडी कव्हर, आतल्या बाजूला बॉलपेनने लिहिलेलं नाव आणि फोन नंबर, आपल्याकडे वाचनालयाच्या पुस्तकावर लिहायचे तसं. मुलीच्या फोनवर लिबी, तिचं कार्ड, पुस्तक तिने घेतलेलं, आणि अमेझॉनच्या पानावर काका स्वतःच्या ईमेलने आत जात होते. पुस्तक काही येईना. तीन दिवस दोघं घरी झगडले होते आणि काकांना वाटायला लागलं होतं की यंत्र बिघडलं, नवीन घ्यावं लागणार. यंत्राला काहीही झालेलं नव्हतं. त्यांचं खातं भारतातल्या दुकानाचं होतं आणि लायब्ररीची सोय अमेरिकेतल्या खात्यालाच आहे, एवढंच. किंडल कुठे विकत घेतलंय याने काही फरक पडत नाही, ते कुठल्या खात्यावर नोंदवलंय याने पडतो.

ते आम्ही असं सोडवलं की किंडल त्यांच्या खात्यातून काढून मुलीच्या खात्यावर नोंदवलं आणि दहा मिनिटांत पुस्तक आलं. पण यात एक गोष्ट आधी समजून घ्या, खातं बदललं की जुन्या खात्यातली पुस्तकं यंत्रावरून जातात. खात्यात ती सुखरूप असतात, परत नोंदवलं की परत उतरवता येतात, पण काकांची चाळीसएक मराठी पुस्तकं डोळ्यांसमोर नाहीशी झाली तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता आणि मला आधी नीट सांगायला हवं होतं असं फार वाटलं. तेव्हापासून मी खात्याला हात लावण्याआधी त्यांना विचारते की यावर तुमची काय काय पुस्तकं आहेत. खात्याचा देश बदलायचा पर्यायही अमेझॉनच्या सेटिंगमध्ये असतो, पण सहा महिन्यांसाठी तो बदलू नका, भारतातलं किंडल अनलिमिटेड (महिन्याची वर्गणी भरून पुस्तकं वाचायची सोय) वगैरे चालू असेल तर ते त्या देशाच्या खात्याला बांधलेलं असतं, उगाच गुंता होतो.

म्हणून माझं मत, बाबांचं किंडल आहे तसं राहू द्या, त्यावर त्यांची मराठी पुस्तकं वाचू देत. एकच नवीन किंडल घ्या, तुमच्या इथल्या खात्यावर नोंदवा आणि ते घरात लायब्ररीचं किंडल म्हणून ठेवा, आई वाचेल, तुम्ही वाचाल. तुमच्या खात्यावर आलेलं लायब्ररीचं पुस्तक त्याच खात्याच्या फोनवरच्या किंडल ॲपमध्येही उघडतं, त्यामुळे दोघी एकच पुस्तक वाचू शकता, फक्त 'सगळ्यात पुढे वाचलेल्या पानावर जायचं का' असं विचारलं की कोणाचं पान ते बघून हो म्हणा.

आई-बाबांना स्वतंत्र कार्ड मिळेल का हे तुमच्या लायब्ररीवर आहे. काही ठिकाणी पाहुण्यांना तात्पुरतं कार्ड देतात, काही ठिकाणी पत्त्याचा पुरावा लागतोच. काउंटरवर जाऊन विचारा, विचारायला लाजू नका, आम्हाला हा प्रश्न रोजचा आहे.

बहिणीला मात्र कोबोच घ्यायला सांगा, यात मला जराही शंका नाही. कोबो मुळात टोरांटोचीच कंपनी, २००९ ची, नंतर जपानच्या राकुतेनने घेतली, आणि त्याच राकुतेनने २०१५ मध्ये ओव्हरड्राइव्हही घेतली होती. म्हणून २०१६ मध्ये आलेल्या ऑरा वन या मॉडेलमध्ये लायब्ररी थेट यंत्रातच बसवलेली होती. ओव्हरड्राइव्ह पुढे २०२० मध्ये दुसऱ्यांकडे गेली पण ती सोय तशीच राहिली, हल्लीच्या क्लारा, लिब्रा या सगळ्यांत आहे. सेटिंगमध्ये ओव्हरड्राइव्ह म्हणून असतं, तिथे एकदा लायब्ररी निवडून कार्ड टाकायचं, झालं. मग यंत्रावरच पुस्तक शोधायचं, यंत्रावरच घ्यायचं, नंबर लावायचा असेल तर तोही तिथूनच, मध्ये फोन नको, दुसऱ्या दुकानाचं पान नको. फोनवर लिबीतून घेतलं तरी चालतं, कार्ड दोन्हीकडे एकच असलं पाहिजे आणि कोबोवर 'सिंक' दाबायला विसरायचं नाही. माझ्या टेबलाशी कोबोवाले फार कमी येतात आणि आले तरी नव्वद टक्के वेळा सिंकच राहिलेलं असतं.

जुना, स्वस्तात मिळालेला कोबो किंवा पॉकेटबुक (असंच आणखी एक वाचायचं यंत्र) असेल तर अडोबी डिजिटल एडिशन्स हा प्रोग्राम कॉम्प्युटरवर टाकून लायब्ररीतून एसीएसएम नावाची छोटी फाइल उतरवायची, ती त्यात उघडली की खरं पुस्तक येतं, मग केबलने यंत्रावर. चालतं, पण आई-वडिलांना हे करायला लावू नका. आणि ती एसीएसएम फाइल 'सेंड टू किंडल'ने किंडलवर पाठवायचा प्रयत्न दर आठवड्याला कोणीतरी करतंच. ती फाइल म्हणजे पुस्तक नाही, पुस्तक कुठून उचलायचं त्याची चिठ्ठी आहे, किंडलला तिचा काही उपयोग नाही.

आता नंबर लावण्याबद्दल, कारण खरी नाराजी तिथे असते. नवीन गाजलेलं पुस्तक शोधलं की लिबी सांगतं बारा आठवडे थांबा. लोक म्हणतात, अहो डिजिटल फाइल आहे, सगळ्यांना एकदम का देत नाही? मला हा प्रश्न विचारलेला आवडतो कारण याचं उत्तर लोकांना माहीत असायला हवं. लायब्ररी ई-बुक विकत घेत नाही, परवाना घेते. एक परवाना म्हणजे एका वेळी एक वाचक, अगदी कागदी पुस्तकासारखं. पण कागदी पुस्तक फाटेपर्यंत आमचं असतं, परवाना तसा नसतो. हार्परकॉलिन्स या प्रकाशकाने २०११ मध्ये नियम आणला की २६ वेळा वाचकांना दिलं की परवाना संपला, दोन-दोन आठवड्यांचे २६ वाचक म्हणजे एक वर्ष असा तो हिशेब. पेंग्विन रँडम हाउस पूर्वी कायमची प्रत द्यायचे, २०१८ पासून दोन वर्षांचा परवाना केला, किंमत ५५ डॉलरपर्यंत. तुम्हाला-आम्हाला तेच ई-बुक पंधरा डॉलरला मिळतं. मॅकमिलनने तर २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये असं ठरवलं की नवीन पुस्तक आलं की पहिले आठ आठवडे एका लायब्ररीला, मग ती केवढी का मोठ्या शहराची असेना, एकच प्रत. देशभरातल्या लायब्ररींनी त्यांची ई-बुकं घेणं थांबवलं आणि २०२० च्या मार्चमध्ये त्यांना तो नियम मागे घ्यावा लागला. ते चार महिने मला अजून आठवतात, रोज कोणाला ना कोणाला समजवावं लागायचं की तुमचा नंबर पुढे का सरकत नाहीये, आणि समजल्यावर लोक आमच्या बाजूने उभे राहायचे.

म्हणून माझी एक कळकळीची विनंती आहे. ई-बुक मुदत संपली की आपोआप परत जातं, दंड नाही, काही नाही, त्यामुळे वाचून झालं तरी लोक ते तसंच ठेवून देतात. चौदा किंवा एकवीस दिवसांची मुदत, आणि तुम्ही पाचव्या दिवशी संपवलेलं असतं. लिबीत शेल्फवर 'मॅनेज लोन' मध्ये जा, 'रिटर्न अर्ली' दाबा, दहा सेकंदांचं काम आहे. लिबी जो थांबायचा अंदाज सांगतं तो प्रत्येकाने पूर्ण मुदत ठेवली असं धरून सांगतं, म्हणजे लोकांनी लवकर परत केलं तर रांग खरंच भराभर सरकते. दिवाळी अंक आठवा, वाचनालयात एक अंक आणि मागे वीस जण वाट बघत, आई सांगायची रात्री संपव आणि सकाळी बदलून आण. तेच आहे हे.

नंबर आला आणि नेमका तेव्हा वेळ नसेल तर घाबरून पुस्तक घेऊ नका. तीन दिवसांची मुदत असते, त्यात 'डिलिव्हर लेटर' निवडा, पुस्तक पुढच्या माणसाकडे जातं आणि तुमचा नंबर रांगेत पुढेच राहतो. मी स्वतः पाच-सहा नंबर लावून ठेवते आणि सगळे एकदम यायला लागले की दोन पुढे ढकलते.

रांग टाळायचा आणखी एक रस्ता आहे जो न्यू जर्सीच्या आपल्या लोकांना फार कमी माहीत असतो. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचं कार्ड न्यूयॉर्क राज्यात राहणाऱ्यांनाच नाही, तिथे नोकरी किंवा शिक्षण असणाऱ्यांनाही मिळतं. म्हणजे एडिसनहून रोज ट्रेनने मॅनहॅटनला जाणारा प्रत्येक जण ते काढू शकतो. लिबीत कितीही कार्डं टाकता येतात, दोन्हीकडे तेच पुस्तक शोधा, जिथे रांग कमी तिथे नंबर लावा. कॅलिफोर्नियात तुमचं कोणी असेल तर त्यांनाही सांगा, सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिस दोन्ही लायब्ररी राज्यातल्या कुठल्याही रहिवाशाला कार्ड देतात.

मुदत संपत आली आणि पुस्तक राहिलंय, तर किंडल एअरप्लेन मोडवर टाकायचं ही युक्ती तुम्ही ऐकली असेल, त्यात चोरी आहे का असंही खूप जण हळू आवाजात विचारतात. होतं असं की मुदत संपली की लायब्ररीच्या बाजूने प्रत मोकळी होते आणि पुढच्या माणसाला मिळते, फक्त तुमच्या यंत्राला ते वायफाय लागेपर्यंत कळत नाही. म्हणजे मागच्याचं काही अडत नाही. शेवटची पन्नास पानं राहिली असतील तर शांतपणे वाचा, पण महिनोन्‌महिने यंत्र बंद ठेवून सहा पुस्तकं साठवायची हे काही मला पटत नाही, आणि तेवढ्या दिवसांत नवीन पुस्तकही उतरत नाही. कोबोवर या युक्तीचा भरवसा धरू नका, तिथे पुस्तकावरच तारीख असते. आणि खरं तर मागे कोणी रांगेत नसेल तर शेवटच्या तीन दिवसांत 'रिन्यू' येतंच, ते आधी बघा.

किंडलबद्दल एक गोष्ट लायब्ररीत काम करणारी म्हणून सांगावीशी वाटते. तुम्ही काय वाचलं हे आम्ही कोणाला सांगत नाही, आमच्या कामाचा तो पाया आहे. किंडलवर घेतलेलं पुस्तक मात्र अमेझॉनच्या खात्यातून येतं, म्हणून मुदत संपल्यावरही त्याची नोंद आणि तुम्ही अधोरेखित केलेल्या ओळी तुमच्या खात्यात राहतात. बऱ्याच लोकांना ते सोयीचं वाटतं, तेच पुस्तक परत घेतलं की खुणा परत दिसतात. पण आजाराबद्दल, घटस्फोटाबद्दल वाचत असाल आणि खातं घरात सगळे वापरत असतील, तर ती नोंद खात्याच्या यादीत जाऊन हाताने काढून टाका, किंवा ते पुस्तक लिबीतच वाचा.

आता आईचा मुद्दा, मराठी. इथे मी खोटी आशा दाखवणार नाही. अमेरिकेतल्या लायब्ररींच्या लिबीत मराठी ई-बुकं शोधलीत तर हाती फारसं काही लागत नाही. आईला इंग्रजी वाचायला आवडत असेल तर तिची चंगळ आहे, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, आणि हे मी मनापासून सांगते की सत्तरीच्या पुढच्या वाचकांसाठी याच्याइतकी मोठी सोय दुसरी नाही. मोठ्या टायपाची कागदी पुस्तकं जड असतात, मनगट दुखतं. एक बाई मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आल्या होत्या, त्यांना मी अक्षर तीन पायऱ्या मोठं करून दिलं तर त्या तिथेच खुर्चीत बसून वीस पानं वाचून उठल्या.

मराठीसाठी रस्ता वेगळा. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या डिसेंबरपासून आहेत आणि अक्षरं नीट दिसतात, भारतातल्या खात्यावर किंडल अनलिमिटेड घेतलं तर एका वेळी वीस पुस्तकं ठेवता येतात, ते लायब्ररीसारखंच पण महिन्याची वर्गणी भरून. ई साहित्य प्रतिष्ठानची मराठी पुस्तकं फुकट मिळतात. फक्त पीडीएफ असेल तर सहा इंची किंडलवर पान अख्खं बसवायच्या नादात अक्षर मुंगीएवढं होतं, ती टॅब्लेटवरच वाचायला द्या. म्हणून म्हटलं बाबांचं भारतातलं खातं मोडू नका, मराठी सगळं तिथून येणार आहे.

बाकी थोडक्यात. लिबीतली ऑडिओबुकं किंडलवर वाजत नाहीत, फोनवर ऐका. हूपला नावाचं लायब्ररीचं दुसरं ॲप असेल तर त्यात रांग नसते पण ती पुस्तकं किंडलवर किंवा कोबोवर येत नाहीत. सगळी ॲप किंडलसारख्या कागदासारख्या दिसणाऱ्या एकाच इंक स्क्रीनवर हवी असतील तर बूक्ससारखं अँड्रॉइडवालं यंत्र आहे, त्यात लिबी थेट टाकता येतं, पण महाग, बॅटरी लवकर उतरते, आणि आई-बाबांच्या हातात द्यायला मला तरी ते जास्त गुंतागुंतीचं वाटतं. काही पुस्तकं, विशेषतः लहान मुलांची चित्रांची, किंडलवर दिलेलीच नसतात, तेव्हा 'रीड विथ' मध्ये किंडल दिसलं नाही तर तुमचं काही चुकलं असं समजू नका.

तर क्रम असा ठेवा. या शनिवारी कार्ड काढा. फोनवर लिबी टाकून आईच्या आवडीची चार इंग्रजी पुस्तकं शोधा आणि आत्ताच नंबर लावा, मेपर्यंत दोन तरी हातात येतील. मग एक किंडल घ्या, आणि ते विमानतळावर जायच्या आधी एक पुस्तक मागवून बघा, खरंच उतरतंय ना. नोव्हेंबरमध्ये आई-बाबा परत निघाले आणि आईला ते किंडल बरोबर द्यायचं असेल, तर उतरवलेलं पुस्तक मुदतीपर्यंत पुण्यातही उघडेल, तुमचं खातं आणि तुमचं कार्ड चालू असेल तोवर तुम्ही इथून नवीनही पाठवू शकाल, तिने फक्त किंडल घरच्या वायफायला जोडायचं. तो पासवर्ड निघायच्या आधी तिच्या डायरीत लिहून द्या.